मोतीबिंदूनंतर मायनस नंबर गेला, तरी मागचा पडदा का तपासायचा?

प्रश्न असा आहे: "आई ६७ वर्षांची, गोव्यात डिचोलीला असते. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, उजवा डोळा उणे १२, डावा उणे १०. तीन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि नंबर जवळजवळ गेला. यंदा चवथीला माटोळीची (गणपतीच्या वर फळं-पानं बांधायची) लाकडी चौकट तिला उजव्या डोळ्याने मधेच वाकलेली दिसली. आता वाचताना अक्षरांच्या मधोमध धुरकट डाग येतो. चष्म्याच्या दुकानात संगणकावर तपासलं, नंबर तोच आहे म्हणाले. हे वयामुळे असेल का? माझा स्वतःचा नंबर उणे ८ आहे, मलाही हे होईल का?"

वयावर ढकलून थांबू नका. सरळ रेघ वाकडी दिसते आणि नजरेच्या बरोबर मधोमध डाग येतो, तेव्हा दोष पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात, आहे असंच धरून चालायचं. नसला तर तपासणीत कळेलच. आईंना येत्या दोन-तीन दिवसांत पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या, आणि जिथे ओसीटी मशीन (पडद्याचे थर प्रकाशाने उभे कापल्यासारखे दाखवणारं) आहे अशाच ठिकाणी न्या. चवथीपासून बराच वेळ गेला आहे, पण अजून उपचाराने पुष्कळ काही वाचण्यासारखं असू शकतं. हे दुखणं ठणकत नाही, डोळा लालही होत नाही, म्हणून घरचे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतात. तो एक महिनाच महागात पडतो.

दुकानातल्या संगणकाने सांगितलं ते खोटं नाही. ते यंत्र प्रकाश डोळ्यात कसा वळतो एवढंच मोजतं. पडदा ते बघतच नाही. म्हणून नंबर तोच आणि नजर मात्र कमी, असं झालं की चष्मा बदलत बसायचं नाही, पडद्याकडे बघायचं.

आता मूळ मुद्दा. मायनस नंबर हा बहुतेक वेळा डोळा लांब झाल्यामुळे येतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २३ ते २४ मिलिमीटर असतो. त्यापुढे वाढलेल्या प्रत्येक मिलिमीटरला ढोबळमानाने अडीच नंबर लागतो. म्हणजे उणे १२ चा डोळा २८ मिलिमीटरच्या आसपास असणार. उणे ६ च्या पलीकडे किंवा २६ मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या डोळ्याला आम्ही 'हाय मायोपिया' म्हणतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये नैसर्गिक भिंग काढून हिशेबाने निवडलेलं कृत्रिम भिंग बसवतात, त्यामुळे चष्मा जातो. डोळ्याची लांबी मात्र एका केसानेही कमी होत नाही. आईंचा पडदा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जितका ताणलेला होता तितकाच दुसऱ्या दिवशीही होता. तरुणपणी लेसिक करून चष्मा घालवलेल्यांचंही हेच. चष्मा गेला की घरचे विसरतात, रुग्ण विसरतो, आणि नवीन डॉक्टरला तर कळायला मार्गच नसतो. "चष्मा आहे का?" "फक्त वाचायचा." एवढ्यावर विषय संपतो.

म्हणून आईंच्या जुन्या फायलीतून एक कागद शोधून काढा: मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भिंगाचं माप काढलं होतं त्याची बायोमेट्रीची पट्टी. त्यावर दोन्ही डोळ्यांसमोर 'ॲक्सियल लेंथ' (डोळ्याची लांबी) म्हणून मिलिमीटरमध्ये आकडा छापलेला असतो. तो आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवा. पट्टी हरवली असेल तर जुना चष्माच पिशवीत टाका. भिंगाची पॉवर यंत्रावर मिनिटभरात मोजता येते आणि समोरच्या डॉक्टरला सगळी कथा कळते.

लांब डोळ्यात होतं काय, तर ताण बसलेलं जुनं कापड जसं मधेच विरतं तसा पडदा आणि त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर, म्हणजे कोरॉइड, पातळ होत जातो. मॅक्युलाखाली हा थर सहसा २५० ते ३०० मायक्रॉन जाड असतो. जास्त नंबरच्या वयस्क डोळ्यात तो १०० च्या, कधी ५० मायक्रॉनच्याही खाली उतरलेला दिसतो. तिशी-चाळिशीत हाच डोळा चष्मा लावून ६/६ वाचत असतो, कारण थर पातळ झाला तरी काम भागत असतं. पन्नाशी-साठीत वयाने होणारी झीज त्यात भर घालते आणि मग हिशेब बिघडतो. डोळ्याची मागची भिंत एखाद्या जागी बाहेरच्या बाजूला फुगते, त्याला स्टॅफिलोमा म्हणतात. त्या फुगवट्यात मॅक्युला सापडला की ताण आणखी वाढतो.

रिपोर्टवर जे शब्द येतात त्यांचा अर्थ माहीत असू द्या. २०१५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मायोपियाच्या पडद्याची पायरीवार विभागणी ठरवली, ती आता बहुतेक ठिकाणी वापरतात. 'टेसेलेटेड' म्हणजे पडदा पातळ होऊन खालच्या रक्तवाहिन्यांची जाळी दिसू लागली; नुसतं एवढंच असेल तर घाबरायचं नाही, वर्षातून एकदा बघायचं. 'डिफ्यूज ॲट्रॉफी' म्हणजे पिवळसर विरळपणा पसरला. इथून पुढे आजारी मायोपिया सुरू झाला असं मानतात. 'पॅची' म्हणजे पांढरट ठिगळं, तिथला भाग निकामी. शेवटची पायरी मॅक्युलाचीच ॲट्रॉफी. याखेरीज तीन गोष्टी कोणत्याही पायरीवर येऊ शकतात: लॅकर क्रॅक, म्हणजे पडद्याखालच्या पातळ पापुद्र्याला गेलेल्या बारीक चिरा, त्या कमकुवत जागेतून उगवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या, म्हणजे मायोपिक सीएनव्ही, आणि जुन्या सीएनव्हीचा काळपट व्रण, ज्याला फुक्स स्पॉट म्हणतात.

आईंच्या लक्षणांवरून पहिला संशय सीएनव्हीचा. या नव्या वाहिन्या नाजूक असतात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपतं, त्यामुळे पडद्याचा मधला भाग उचलला जातो आणि रेघा वाकड्या दिसतात. पण संशय म्हणजे निदान नव्हे. अगदी अशीच तक्रार आणखी तीन-चार कारणांनी येते आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे.

पहिलं म्हणजे नुसत्या लॅकर क्रॅकमधून आलेलं रक्त. चीर पडते, थोडं रक्त येतं, मधोमध डाग दिसतो, पण नव्या वाहिन्या नसतात. हे रक्त काही आठवड्यांत आपोआप जिरतं. त्याला इंजेक्शनची गरज नाही. घाईने टोचलेलं इंजेक्शन इथे फुकट जातं, आणि वर रुग्णाला वाटतं की इंजेक्शननेच बरं झालं. फक्त अशा डोळ्यावर नजर ठेवावी लागते, कारण पुढे सीएनव्ही याच चिरेतून येऊ शकतो.

दुसरं कारण ओढीचं. डोळ्याच्या आतला जेली पडद्याला चिकटून असतो. डोळा मागे फुगला आणि जेली जागीच राहिला की पडद्याचे थर एकमेकांपासून फाकतात, त्याला फोव्हिओस्किसिस म्हणतात. पुढे मधे छिद्र पडू शकतं. नजर हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने उतरते. यात इंजेक्शन निरुपयोगी. फार वाढलं तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे आतला जेली काढायचं ऑपरेशन, करून ओढ सोडवतात. बऱ्याच डोळ्यांत ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, तेव्हा नुसतं ओसीटी करत राहणं हाच शहाणपणा. तिसरं, पडद्यावर पातळ साय धरणं. चौथं, ॲट्रॉफीचं ठिगळ सरकत मध्यापर्यंत पोचणं. कृत्रिम भिंगामागची पिशवी गढूळ होणं ऑपरेशननंतर अगदी सर्रास दिसतं आणि पुष्कळदा दोष तिच्यावरच टाकतात. पण तिच्यामुळे सगळंच धूसर दिसतं, रेघ वाकत नाही. रेघ वाकत असताना कुणी नुसतं "यॅग लेझर करून टाकू" म्हणालं (हे लेझर ती गढूळ पिशवी उघडतं), तर आधी ओसीटी करा असा आग्रह धरा. जास्त नंबरच्या डोळ्यात यॅगनंतर पडदा सुटण्याचा धोका थोडा वाढतो, तेव्हा ते खरी गरज असेल तरच.

तपासणीचा दिवस कसा जाईल ते सांगतो. बाहुली मोठी करायचे ड्रॉप घालतात, वीस-तीस मिनिटं लागतात, नंतर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. आईंना स्कूटरच्या मागे किंवा पायलटच्या (भाड्याच्या) मोटारसायकलवर बसवून परत आणू नका. गाडी करा, काळा चष्मा न्या. रक्तदाब फार वाढलेला असेल तर ड्रॉप घालण्याआधी सांगा, त्यातल्या एका औषधाने तो चढू शकतो. ओसीटीला पाच-दहा मिनिटं लागतात, काही टोचत नाही. पण मायोपियातला सीएनव्ही छोटा असतो, पाणी फार नसतं, नुसत्या ओसीटीत तो निसटू शकतो. म्हणून संशय असेल तर ओसीटी अँजिओग्राफी किंवा हाताच्या शिरेत रंग सोडून काढायचे फोटो लागतात. या रंगाने कातडी दिवसभर पिवळट दिसते आणि लघवी केशरी होते, ते अपेक्षितच आहे. थोडी मळमळ होते. पूर्वी कोणत्याही औषधाची ॲलर्जी झाली असेल, किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी सांगा.

आणि पडद्याच्या कडा बघितल्याशिवाय ती तपासणी पुरी झाली असं समजू नका. ओसीटी फक्त मधला भाग दाखवतं. कडा बघायला डॉक्टर डोक्यावर दिवा लावून, हातात भिंग धरून, रुग्णाला वर-खाली-डावी-उजवीकडे बघायला लावतात, गरज पडली तर पापणीवरून हलकेच दाबतात. ते थोडं त्रासदायक असतं, पण भोकं आणि विरळ जागा तशाच सापडतात.

सीएनव्ही ठरला तर उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. 'अँटी-व्हीईजीएफ' गटाची औषधं नव्या वाहिन्या सुकवतात. रॅनिबिझुमॅब ०.५ मिलिग्रॅम किंवा बेव्हॅसिझुमॅब १.२५ मिलिग्रॅम, दोन्ही ०.०५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे थेंबाएवढं. ॲफ्लिबरसेप्टही वापरतात. बेव्हॅसिझुमॅब मूळ कर्करोगाचं औषध, डोळ्यासाठी ते परवान्याबाहेर वापरलं जातं. ते पुष्कळ स्वस्त पडतं आणि परिणामाला चांगलं आहे, पण एका कुपीतून अनेक रुग्णांसाठी भाग करावे लागतात. तेव्हा ते कुठे आणि कसे केले जातात हे विचारायला संकोच करू नका. रॅनिबिझुमॅबचं भारतीय बनावटीचं रूप २०१५ पासून मिळतं, त्यामुळे मधला पर्यायही आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये बधिर करणारे थेंब, मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनने डोळा धुणं, हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. आयोडीन चुरचुरतं, तरी ते कमी घालू नका असं म्हणायचं. मग केसासारख्या बारीक सुईने बुबुळाच्या कडेपासून साडेतीन मिलिमीटरवर, नैसर्गिक भिंग असेल तर चार मिलिमीटरवर, औषध सोडतात. काही सेकंदांचं काम. नंतर एक-दोन दिवस काळे बुडबुडे फिरताना दिसले, पांढऱ्या भागावर लाल डाग पडला, तर काळजी नको. काळजी कशाची, तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली आणि नजर उतरली त्याची. तो आतला जंतुसंसर्ग असू शकतो. हजारात एकापेक्षाही कमी वेळा होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. सकाळपर्यंत थांबायचं नाही. पहिला आठवडा डोक्यावरून आंघोळ, विहीर, नदी, समुद्र यांचं पाणी डोळ्याला लागू देऊ नका.

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर या इंजेक्शनसाठी स्वतःहून बंद करू नका. मात्र गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर तो आधी सांगा, औषध आणि वेळ त्यावर ठरते.

किती इंजेक्शनं? वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या आजारात वर्षानुवर्षं टोचावं लागतं, ते ऐकून लोक धास्तावतात. मायोपियात तसं नाही. एक इंजेक्शन द्यायचं, महिन्याने ओसीटी आणि नजर बघायची, आजार जागा असेल तरच पुढचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅनिबिझुमॅबच्या मोठ्या चाचणीत अशा पद्धतीने पहिल्या वर्षात निम्म्या रुग्णांना दोन किंवा त्याहून कमी इंजेक्शनं पुरली, आणि नजर तक्त्यावर सरासरी १४ अक्षरांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीन ओळी, सुधारली. "आधी तीनचा कोर्स भरा" असं कुणी ठामपणे सांगितलं तर का ते विचारा. उपचारच न केल्यास काय होतं तेही ठाऊक आहे: जपानमधल्या जुन्या पाठपुराव्यात पाच वर्षांत बहुतेक डोळ्यांची नजर ६/६० (तक्त्यावरचं फक्त सगळ्यात मोठं अक्षर) किंवा त्याखाली गेली होती. एका डोळ्यात सीएनव्ही झाला तर साधारण तीनांतल्या एका रुग्णाच्या दुसऱ्या डोळ्यातही पुढच्या काही वर्षांत होतो. म्हणून आईंचा डावा डोळा आज चांगला असला तरी खरी राखण त्याचीच करायची आहे.

एक कटू गोष्ट आधीच सांगितलेली बरी. वाहिन्या सुकल्या तरी त्या जागेभोवती ॲट्रॉफी वर्षागणिक हळूहळू पसरू शकते आणि मिळालेली नजर काही अंशी परत उतरते. तेव्हा "इंजेक्शन वाया गेलं" असं नसतं, आणि अशा वेळी आणखी टोचूनही उपयोग नसतो. विरलेला पडदा भरून काढणारं औषध आज नाही.

खर्चाबद्दल: बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेत्रविभाग आहे, तिथे दाखवताना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (राज्याच्या आरोग्य विम्याचं) कार्ड आणि आधार बरोबर न्या. नेमकी कोणती प्रक्रिया आणि कोणतं औषध कार्डावर बसतं ते टोचण्याच्या दिवशी नव्हे, तारीख घेतानाच काउंटरवर विचारून घ्या. खाजगीत करणार असाल तरी औषधाचं नाव आणि बॅच फाइलवर लिहून घ्या.

आता दुसरा धोका, जो मधोमध नव्हे तर कडेने येतो: पडदा सुटणं. लांब डोळ्यात आतला जेली लवकर पातळ होतो आणि पडद्यापासून सुटताना कडेची विरळ जागा फाडतो. अचानक वीज चमकल्यासारखं दिसणं, एकाएकी काळ्या माशांचा किंवा काजळीसारख्या ठिपक्यांचा पाऊस, आणि एका बाजूने काळा पडदा सरकत येणं ही त्याची खूण. चमक आणि ठिपके असतील तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तपासणी. काळा पडदा सरकताना दिसला तर त्याच दिवशी. नुसतं भोक असेल तर भोवती लेझरच्या दोन-तीन रांगा मारून काम भागतं. ती जागा पक्की व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, तोवर डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. पहिल्या तपासणीत भोक सापडलं नाही तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं, कारण काही भोकं मागाहून पडतात. वर्षानुवर्षं तेच दोन ठिपके तरंगत असतील तर ती आणीबाणी नव्हे. कडेच्या प्रत्येक विरळ जागेला, म्हणजे लॅटिसला, लेझर मारायची गरज नसते. बहुतेक लॅटिस आयुष्यभर गप्प बसतात. लक्षणं असतील, फाटलेलं असेल, किंवा दुसऱ्या डोळ्याचा पडदा आधी सुटला असेल, तर गोष्ट वेगळी.

पडदा सुटलाच तर मधला भाग अजून चिकटलेला आहे की नाही यावर सगळं आहे. चिकटलेला असेल तर ऑपरेशन तासांत-दिवसांत उरकायचं, म्हणजे वाचायची नजर वाचते. ऑपरेशनमध्ये डोळ्यात वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात, आणि गोव्यातल्या माणसाने इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वायूचा बुडबुडा असताना विमान वर्ज्य, मग दाबोळी असो की मोपा. हे बहुतेकांना सांगितलं जातं. घाटाचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. गोव्याचा किनारी पट्टा समुद्रसपाटीला आणि बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचावर. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो, आणि डोळ्याचा दाब वाढून तीव्र दुखणं, उलट्या, नजर काळवंडणं होऊ शकतं. ऑपरेशन बेळगावला करून खाली आलात तर उतरताना बुडबुडा आकसतो, पण आठवड्याने तपासायला परत वर चढायचं असतं. म्हणून आधीच ठरवा: एक तर वायू जिरेपर्यंत बेळगावलाच राहायचं, नाही तर पुढची तपासणी गोव्यात करायची, आणि दोन्ही गोष्टी सर्जनना विचारूनच. एसएफ-६ वायू दोन-तीन आठवडे राहतो, सी-३-एफ-८ सहा ते आठ आठवडे. या काळात दुसरं कुठलं ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्यांना वायू आहे हे सांगायलाच हवं, नायट्रस ऑक्साइडने तो झपाट्याने फुगतो. तेलाला उंचीची अडचण नाही, पण ते सहसा काही महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने काढावं लागतं.

घरी रोज करायची एकच गोष्ट आहे आणि तिला एक मिनिट लागतं. गणिताच्या चौकटीच्या वहीचं पान घ्या, दहा सेंटिमीटरचा चौकोन आखा, बरोबर मधे काळा ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून, चांगल्या उजेडात, ३० सेंटिमीटरवर धरून, एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून ठिपक्याकडे बघायचं: रेघा वाकतात का, एखादा चौकोन पुसट किंवा गायब आहे का. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघण्यात अर्थ नाही, चांगला डोळा वाईट डोळ्याचं सगळं झाकून नेतो. आईंच्या लक्षात माटोळीमुळे आलं ते त्या दिवशी चुकून एका डोळ्याने बघितलं गेलं असेल म्हणूनच. दोष आज आहे तो पेनाने त्याच पानावर आखून तारीख घाला. उद्या तो वाढला तर वाद घालायला जागा राहत नाही. वही नसेल तर न्हाणीघरातल्या टाइल्सच्या रेघा किंवा खिडकीचे गज चालतील.

ल्युटीनच्या आणि 'डोळ्यांच्या' व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर महिन्याला बरेच पैसे जातात. त्या वयामुळे होणाऱ्या मॅक्युलाच्या आजाराच्या ठरावीक पायरीवर तपासल्या गेल्या आहेत, मायोपियाच्या झिजेसाठी नाहीत. डोळ्यांचे व्यायाम, निळा प्रकाश अडवणारा चष्मा यांनीही पडदा जाड होत नाही. तेच पैसे वर्षातून एकदा ओसीटीला लावा.

काचबिंदूचंही थोडं. जास्त नंबरच्या डोळ्यात तो अधिक होतो, आणि ओळखायलाही अवघड जातो, कारण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड मुळातच तिरकं असतं. ओसीटीच्या नसेच्या रिपोर्टवर लाल रंग दिसला म्हणजे काचबिंदू झालाच असं नाही. यंत्र तुलना करतं ती साध्या डोळ्यांशी. दाब, फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका मोजणारी) आणि काही महिन्यांच्या अंतराने केलेली तुलना, सगळं मिळून ठरवावं लागतं.

ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांच्यासाठी: साठीनंतर मायनस नंबर भराभर वाढत असेल तर तो बहुधा मोतीबिंदू पिकल्यामुळे. माप शक्यतो प्रकाशाच्या यंत्रावर घ्या, फुगवट्याच्या डोळ्यात सोनोग्राफीचं माप चुकू शकतं. लांब डोळा आहे हे भूल देणाऱ्यांना आवर्जून सांगा, डोळ्यामागे लांब सुईने भूल देताना भिंतीला सुई लागण्याचा धोका अशा डोळ्यात जास्त. थेंबांनी किंवा बोथट नळीने भूल देता येते. मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं) भिंग मॅक्युला खराब असलेल्या डोळ्यात बसवू नये. आणि जन्मभर चष्मा काढून जवळ धरून वाचायची सवय असलेल्यांना मुद्दाम उणे दोन-अडीच नंबर ठेवला तर ते जास्त सुखी राहतात.

उजव्या डोळ्याची मधली नजर पूर्ण परत आली नाही, तरी आईंचं चालणं-फिरणं अडणार नाही, कारण कडेची नजर शाबूत असते. अडतं ते वाचन, सुईत दोरा ओवणं, माणसांचे चेहरे ओळखणं. स्टँडवर उभं राहणारं दिव्याचं भिंग हातातल्या भिंगापेक्षा बरं, हात थरथरला तरी अंतर बदलत नाही. चिऱ्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा किंवा पिवळा पट्टा मारून घ्या, आणि पावसाळ्याआधी शेवाळ खरवडून काढा. एका डोळ्यावर भिस्त असली की पायरीची खोली कळत नाही, आणि त्या चांगल्या डोळ्याला मार बसणं हे सगळ्यात वाईट.

तुमच्या नंबराबद्दल. उणे ८ म्हणजे तुम्ही हाय मायोपियातच आहात. याचा अर्थ हे होणारच असा नाही. बहुतेकांचा पडदा आयुष्यभर कामापुरता टिकतो. पण वर्षातून एकदा ड्रॉप घालून कडांसह तपासणी, चाळिशीनंतर ओसीटीही, आणि वरचा चौकोन तुम्हीही बघायचा. पोहणं, चालणं, योगासनं चालतील. जेटस्कीवर लाटांवर आपटत जाणं, चेहऱ्यावर बॉल बसेल असे खेळ, डोळे जोरजोराने चोळणं टाळा. मुलं असतील तर त्यांचा नंबर ड्रॉप घालूनच मोजून घ्या, रोज साधारण दोन तास दिवसाउजेडी उघड्यावर खेळू द्या. नंबर दर वर्षी अर्ध्याहून जास्त वाढत असेल तर ०.०१ ते ०.०५ टक्क्यांच्या ॲट्रोपिन थेंबांबद्दल मुलांच्या नेत्रतज्ज्ञांना विचारा. हे थेंब डोळ्याची वाढ मंदावतात, आधी चढलेला नंबर उतरवत नाहीत, म्हणून लहान वयात सुरू केलेले बरे.